शरणपूरचे आफ्रिकी ख्रिस्ती: एक प्रस्तावना

सिएरा लिओन हा पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा लहानसा देश. तिथले बहुसंख्य लोक मुसलमान. ख्रिस्ती साधारण पाचांत एक. तरीही आफ्रिकेतल्या ख्रिस्ती धर्माचा इतिहास लिहायला बसलेल्या कुणालाही या देशाची राजधानी फ्रीटाउन टाळता येत नाही. आणि तोच इतिहास एखादा मराठी वाचक नेटाने वाचत गेला, तर तो फिरून नाशिकला येऊन पोचतो. शरणपूर रोड आज नाशिककरांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा, दुकानांनी आणि वाहनांनी भरलेला रस्ता आहे. ज्या वस्तीवरून त्याला हे नाव पडलं, तिथे एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतून पळवलेली आणि समुद्रावर सुटका झालेली मुलंमुली राहत होती, शाळेत जात होती, हातकाम शिकत होती. त्यांच्यातले काहीजण मोठे होऊन आफ्रिकेत परतले आणि आजच्या केनियातल्या अँग्लिकन चर्चचे अगदी सुरुवातीचे शिक्षक आणि पाळक झाले.

आफ्रिकेतला ख्रिस्ती धर्म म्हटलं की डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं: गोरा पाद्री, हातात बायबल, भोवती कोंडाळं करून बसलेले काळे श्रोते. गोरे पाद्री होतेच, आणि त्यांतले कितीतरी तिथल्या तापाने वर्षा-दोन वर्षांत मेले. पण ज्यांनी चर्च टिकवलं, गावोगाव नेलं, स्थानिक भाषेत बोलतं केलं, ते बहुतेक आफ्रिकीच होते. आणि त्यांच्या पहिल्या पिढीत गुलामीतून सुटलेल्यांचा भरणा मोठा होता. पश्चिम किनाऱ्यावर हे फ्रीटाउनमध्ये घडलं. पूर्व किनाऱ्यावर जे घडलं, त्याची तयारी मराठी मुलखात झाली. या दुसऱ्या गोष्टीची ओळख करून देणं हा इथला हेतू आहे. पण पहिलीवाचून दुसरी नीट कळत नाही, म्हणून आधी फ्रीटाउन.

1792 साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून पंधरा जहाजांतून सुमारे 1200 माणसं सिएरा लिओनला उतरली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांच्या बाजूला गेलेले हे काळे लोक. ब्रिटिशांनी त्यांना स्वातंत्र्य कबूल केलं होतं आणि जमीनही. नोव्हा स्कोशियात त्यांच्या वाट्याला थंडी पुरेपूर आली, जमीन फारशी आली नाही. तेव्हा ते आफ्रिकेत निघाले, आणि निघाले ते आपापल्या मंडळ्या घेऊनच. डेव्हिड जॉर्ज हा बाप्टिस्ट उपदेशक, स्वतः गुलामीत जन्मलेला. मोझेस विल्किन्सन हा मेथडिस्ट, डोळ्यांनी अंध. म्हणजे फ्रीटाउनमधलं पहिलं जोमदार चर्च कुठल्या मिशनने पाठवलेलं नव्हतं. ते माणसांबरोबर जहाजातून उतरलं होतं. शहराच्या मधोमध एक अवाढव्य पांढरी सावर होती. तिच्याखाली या मंडळींनी उपकारस्तुतीची प्रार्थना केली, असं तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ती सावर 24 मे 2023 रोजी वादळात कोसळली.

1807 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली. पुढच्याच वर्षी सिएरा लिओन ब्रिटिश राजसत्तेची वसाहत झाली आणि ब्रिटिश आरमार अटलांटिकवरची गुलामांची जहाजं पकडून फ्रीटाउनला आणू लागलं. 1860च्या दशकापर्यंत अशा रीतीने उतरवलेल्या माणसांची संख्या लाखाच्या घरात गेली. कुणी योरुबा, कुणी इग्बो, कुणी काँगोच्या बाजूचा. एकमेकांची भाषा कुणाला येत नाही. सिगिस्मंड कोले या जर्मन मिशनऱ्याने फ्रीटाउन न सोडता, केवळ तिथल्या सुटका झालेल्या माणसांना विचारून, दीडशेहून अधिक आफ्रिकी भाषांतले शब्द गोळा केले आणि 1854 मध्ये 'पॉलिग्लॉटा आफ्रिकाना' हा ग्रंथ छापला. एका शहरात किती मुलखांची माणसं येऊन पडली होती, याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही. सरकारने त्यांना आसपास खेडी वसवून दिली. नावं रीजंट, ग्लॉस्टर, वॉटर्लू, वेलिंग्टन, हेस्टिंग्ज अशी. इंग्लंडची अर्धी जंत्रीच तिथे उतरली म्हणा.

या खेड्यांतल्या शाळा आणि चर्चं चालवायला पुढे आली ती चर्च मिशनरी सोसायटी. 1799 साली लंडनमध्ये स्थापन झालेली ही अँग्लिकन संस्था, तिचे पहिले मिशनरी 1804 मध्ये पश्चिम आफ्रिकेत पोचले. तेही इंग्रज नव्हते, जर्मन ल्युथरन होते. इंग्रज पाद्री त्या काळी या कामाला मिळत नसत. हीच सोसायटी पुढे नाशिकला आली, म्हणून तिचं नाव लक्षात ठेवायचं. 1827 मध्ये तिने फ्रीटाउनजवळ फुरा बे कॉलेज काढलं. तिथे पहिल्यांदा नाव घातलेल्या विद्यार्थ्यांत अजायी नावाचा एक योरुबा तरुण होता.

अजायीची हकिकत पश्चिम आफ्रिकेतल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. 1821 मध्ये त्याच्या ओसोगुन गावावर हल्ला झाला. तो, आई, भावंडं सगळी पकडली गेली. हातोहात विकला जात तो एका पोर्तुगीज जहाजावर पोचला. ते जहाज 1822च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश आरमाराने अडवलं. फ्रीटाउनला तो लिहायला-वाचायला शिकला, 1825 मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि सोसायटीशी संबंधित एका इंग्रज पाळकाच्या नावावरून त्याचं नाव सॅम्युएल क्राउदर ठेवण्यात आलं. 1843 मध्ये तो इंग्लंडमध्ये दीक्षित पाळक झाला. त्याच सुमारास त्याचं योरुबा व्याकरण आणि शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. पुढे योरुबा बायबलच्या भाषांतराचा तो मुख्य आधार ठरला. योरुबा मुलखात परतल्यावर, ताटातुटीला दोन तपं उलटून गेल्यावर, त्याची आई त्याला भेटली आणि त्याच्याच हातून तिचा बाप्तिस्मा झाला. 29 जून 1864 रोजी कँटरबरीत त्याला बिशपची दीक्षा मिळाली. अँग्लिकन चर्चचा हा पहिला आफ्रिकी बिशप. आजच्या नायजेरियातलं अँग्लिकन चर्च जगातल्या सर्वांत मोठ्या अँग्लिकन चर्चांपैकी एक आहे. त्याच्या मुळाशी हा विकला गेलेला मुलगा आहे.

आता नकाशा पूर्वेकडे वळवायचा.

हिंदी महासागरातला गुलामांचा व्यापार अटलांटिकपेक्षा जुना आणि जास्त काळ चाललेला. एकोणिसाव्या शतकात त्याचं मोठं नाकं झांझिबार. आजच्या टांझानिया, मलावी, मोझांबिकच्या आतल्या भागांतून याओ, न्यासा आणि इतर जमातींची माणसं पकडून किनाऱ्यावर आणत आणि गलबतांतून अरबस्तान, इराणी आखाताकडे पाठवत. याच्याशी आपला काही संबंध नव्हता, असं म्हणून हात झटकता येणार नाहीत: झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता कित्येक दशकं एका कच्छी पेढीकडे होता. ब्रिटिशांनी सुलतानाशी 1822, 1845 आणि 1873 असे एकापाठोपाठ एक करार केले आणि दर वेळी बंदीची कक्षा थोडी वाढवली. दरम्यान आरमारी जहाजं समुद्रावर गलबतं अडवत होती. पण अडवलेल्या गलबतावरच्या माणसांचं करायचं काय? जिथून पकडली तिथे परत सोडली तर पुन्हा पकडली जाणार. पश्चिमेला फ्रीटाउन होतं. पूर्वेला तसं काहीच नव्हतं. म्हणून ती एडनला, मुंबईला उतरवली जात. मोठी माणसं गोदीत, जहाजांवर, घरकामाला लागत. लहान मुलं मुंबई सरकारने मिशनांच्या हवाली करायला सुरुवात केली.

सोसायटीचं नाशिकला ठाणं 1832 पासून होतंच. सी. पी. फरार हे तिथले सुरुवातीचे मिशनरी. 1850च्या दशकात विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने गावाबाहेर जमीन घेऊन एक ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिला शरणपूर हे नाव दिलं. धर्मांतरानंतर घरदार, जात, धंदा सगळंच तुटलेली माणसं आणि अनाथ मुलं यांच्यासाठी ती होती. धर्मांतर हा त्या काळी किती मोठा भूकंप असे, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. बाबा पदमनजींच्या आत्मकथनाने आणि नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'नी ते घराघरांत पोचवलं आहे. लक्ष्मीबाई तर नाशिकजवळच्या जलालपूरच्याच. पण त्या साहित्यातून जे नाशिक आपल्या ओळखीचं होतं, त्यात आफ्रिकी मुलं दिसत नाहीत. ती मात्र तिथे होती. 1860च्या सुमारास शरणपुरात आफ्रिकी मुलांसाठी आश्रम सुरू झाला. त्याची व्यवस्था काही काळ कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग यांच्याकडे होती. हे गृहस्थ आधी इथिओपियात मिशनरी होते आणि अम्हारिक भाषेचा शब्दकोश आणि व्याकरण त्यांच्या नावावर आहे. आफ्रिकेत काढलेली वर्षं त्यांना नाशिकला अशी उपयोगी पडली.

शरणपुरात मुलांना वाचन-लेखन आणि धर्मशिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम, शेती असे उद्योग शिकवत. मुलींना शिवणकाम, घरकाम. मुलांच्या नावांत मिशनचा सगळा इतिहास वाचता येतो: सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, कारस फरार. आईबापांनी ठेवलेलं नाव, विकणाऱ्याने किंवा विकत घेणाऱ्याने पाडलेलं नाव आणि आता बाप्तिस्म्याचं नाव, असे तीन-तीन थर काहींच्या वाट्याला आले. यात माया होती, उपकाराची जाणीव होती आणि मालकीची एक छटाही होती. तिन्ही एकदमच होत्या, हे मान्य केल्याशिवाय पुढची गोष्ट उमगत नाही.

1864 हे वर्ष पुन्हा येतं. ज्या वर्षी क्राउदर बिशप झाला, त्याच वर्षी मुंबई-नाशिकच्या शाळांतून तयार झालेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर बायकांसह पूर्व आफ्रिकेला रवाना झाले. जॉर्ज डेव्हिड हा तिसरा साथीही तिथे कामाला लागला. मोंबासाजवळ राबाई इथे सोसायटीचं ठाणं होतं. योहान लुडविग क्राप्फ यांनी 1844 मध्ये मोंबासाला काम सुरू केलं, दोन वर्षांनी योहान्नेस रेबमान येऊन मिळाले आणि राबाईचं ठाणं उभं राहिलं. दोघेही जर्मन. क्राप्फ यांची पत्नी आणि नवजात मुलगी मोंबासाला पोचल्यावर काही महिन्यांतच दगावल्या. ते पुढे युरोपात परतले. रेबमान मात्र जवळजवळ एकट्यानेच वर्षानुवर्षं तिथे राहिले. भाषेचे कोश करत गेले, पण बाप्तिस्मे बोटांवर मोजण्याइतके. अशा ओसाड ठाण्यावर हे नाशिकचे आफ्रिकी येऊन पोचले. गोऱ्या माणसाच्या देवाबद्दल काळा माणूसही बोलू शकतो, हे राबाईकरांनी प्रत्यक्ष पाहिलं ते तेव्हा. मोंबासात त्यांना 'बाँबे आफ्रिकन्स' हे नाव पडलं आणि इतिहासात तेच राहिलं.

शरणपूरच्या मुलांना जगभर नाव मिळालं ते मात्र वेगळ्या माणसामुळे. आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन 1864 मध्ये आपली छोटी आगबोट स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला. बरोबर चुमा आणि विकातानी ही दोन याओ मुलं होती. त्यांना त्याने मुंबईतले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. पुढच्या वर्षी तो परत आला. या वेळी त्याला नाईल नदीचं मूळ शोधायला जायचं होतं आणि माणसं हवी होती. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर, म्हणजे ज्यांच्या नावाने फ्लोरा फाउंटन बांधायचं आधी ठरलं होतं ते, त्याच्या पाठीशी होते. लिव्हिंगस्टन नाशिकला गेला आणि शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. 1866 मध्ये ही तुकडी रोवुमा नदीच्या मुखाच्या उत्तरेला उतरली. मुंबईच्या पलटणीतले तेरा शिपाई, कोमोरो बेटांवरची दहा माणसं, नाशिकचे नऊ, चुमा-विकातानी, लिव्हिंगस्टनचे आधीच्या मोहिमेतले सोबती सुसी-आमोडा, आणि वर उंट आणि म्हशी. जनावरं त्सेत्से माशीला टिकतात का, हे पाहायचं होतं, टिकली नाहीत. शिपाई पहिल्याच वर्षी परत पाठवावे लागले. कोमोरोची माणसं पळून गेली. नाशिकच्या मुलांतही काही मेले, काही सोडून गेले. त्यांच्याबद्दल लिव्हिंगस्टनने कटू शब्दही लिहून ठेवले आहेत. सहा वर्षांनंतर जे मूळचे पाचजण त्याच्याजवळ उरले होते, त्यांत दोन नाशिकचे होते.

1872 मध्ये, लिव्हिंगस्टनला शोधून काढणाऱ्या पत्रकार स्टॅन्लीने झांझिबारहून ताज्या दमाची तुकडी धाडली. तिच्यात पुन्हा शरणपूरचे सहाजण होते. त्यांतला एक जेकब वेनराइट. याओ जमातीतला, लहानपणी पकडला गेलेला, समुद्रावर सुटलेला, शरणपुरात शिकलेला. लिहिण्यात तो चांगला तयार होता. 1873च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा या लिहिण्याला अचानक महत्त्व आलं. सामानाची यादी वेनराइटने केली. हृदय आणि आतडी काढून एका झाडाखाली पुरली, तेव्हा दफनविधीची प्रार्थना त्यानेच वाचली. झाडाच्या बुंध्यात नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. शव तयार करण्याच्या कामात कारस फरारचा हात होता. मग उन्हात वाळवलेलं, सालीत आणि कापडात गुंडाळलेलं ते शव घेऊन चुमा आणि सुसी यांच्या नेतृत्वाखाली ही माणसं हजार मैलांहून जास्त चालत किनाऱ्याला आली. नऊ महिने लागले. वाटेत भेटलेल्या एका इंग्रज तुकडीने ते शव तिथेच पुरायचा सल्ला दिला. त्यांनी ऐकलं नाही.

हे कुणी करायला सांगितलं नव्हतं. पगाराची हमी नव्हती, वाटेवरची गावं मुडद्याला घाबरत होती. इंग्रजांनी या प्रसंगाला स्वामिनिष्ठेची गोष्ट करून टाकलं आणि आपण मराठी पुस्तकांतही ती तशीच घेतली. पण ज्या माणसांनी यादी केली, विधी वाचला, झाडावर लेख कोरला, रोजनिशी ठेवली आणि शव पोचतं केलं, त्यांना नुसतं निष्ठावंत म्हणणं अपुरं आहे. ती जबाबदार, साक्षर, आपला निर्णय आपण घेणारी मंडळी होती.

18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टनचं दफन झालं. शवपेटीच्या आठ मानकऱ्यांत स्टॅन्ली होता, लिव्हिंगस्टनचा जुना सहकारी डॉ. जॉन कर्क होता, आणि एकच आफ्रिकी होता: शरणपूरचा जेकब वेनराइट. चुमा आणि सुसी दफनविधी उरकल्यावर इंग्लंडला पोचले.

लिव्हिंगस्टनच्या मृत्यूने इंग्लंडात गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी लाट उठली, तिचा थेट परिणाम नाशिकवर झाला. फ्रीअर आदल्याच वर्षी सरकारतर्फे झांझिबारला जाऊन आले होते. 1873च्या जूनमध्ये सुलतान बर्गाशने करारावर सही केली आणि झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. पूर्व किनाऱ्यालाही एक फ्रीटाउन हवं, सुटलेल्या माणसांना आफ्रिकेतच वसवावं, हा विचार फ्रीअर यांनी उचलून धरला आणि सोसायटीने तो अमलात आणला. कामाला माणूस निवडला तो शरणपूरवाले प्राइस. 1874-75 मध्ये मोंबासा बेटासमोर मुख्य भूमीवर वस्ती उभी राहिली. नाव फ्रीअरटाउन. सिएरा लिओनच्या राजधानीशी त्याचं साम्य कानाला लागतंच, आणि योजनेतही ते होतं. सुमारे दीडशे 'बाँबे आफ्रिकन्स' तिथे जमले. गवंडी, सुतार, लोहार, शिक्षक, दुभाषे तेच. आरमाराने नव्याने सोडवून आणलेल्या माणसांना घर बांधायला आणि अक्षर गिरवायला त्यांनी शिकवलं. शरणपूरचा आफ्रिकी आश्रम त्यानंतर उरला नाही.

फ्रीअरटाउनची घंटा आजही मोंबासात जागेवर आहे. गुलाम पकडणारे आले की ती वाजवत, असं सांगतात.

इथपर्यंतची कथा मिशनच्या अहवालात शोभेल अशी आहे. पुढची तशी नाही, आणि खरं तर तीच जास्त वाचण्याजोगी आहे. फ्रीअरटाउनमध्ये वरची जागा गोऱ्या अधीक्षकांची. शरणपुरात शिकलेल्यांना इंग्रजी येत होतं, कसब येत होतं, ते स्वतःला कुणापेक्षा कमी समजत नव्हते; गोऱ्यांना हे 'फार चढलेले' वाटत. पगारावरून, मानावरून खटके उडत गेले. 1880च्या सुमारास वस्तीत चाबकाच्या शिक्षा होत असल्याचं बाहेर आलं आणि लंडनपर्यंत बोभाटा झाला. गुलामीतून सोडवलेल्यांना मिशनच्या आवारात फटके!

राबाई मात्र बराच काळ आफ्रिकींच्याच हातात राहिली. किनाऱ्यावरच्या अरब आणि स्वाहिली मळ्यांतून पळालेले गुलाम तिथे आश्रयाला येत. सुटका झालेल्यांना आश्रय देणं वेगळं आणि ज्याचा मालक दाराशी उभा आहे अशा पळालेल्याला ठेवून घेणं वेगळं. सोसायटीचा हुकूम होता, ठेवून घ्यायचं नाही. पण जोन्स आणि त्याचे सोबती माणसांना परत हाकलत नव्हते. 1888 मध्ये मालकांनी दंगा मांडला, तेव्हा राबाई आणि आसपास अशी चौदाशेहून अधिक माणसं निघाली. शेवटी मालकांना भरपाई देऊन 1889च्या पहिल्या दिवशी त्यांना मुक्तीचे कागद वाटण्यात आले. त्यासाठी प्राइस पुन्हा एकदा आफ्रिकेला आले होते. याआधी, 1885 मध्ये, बिशप जेम्स हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा दिली होती. त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारले गेले. त्यांच्या काफिल्यात जोन्स होता; उरलेली माणसं सांभाळून किनाऱ्याला परत आणली ती त्याने. तोच जोन्स 1890च्या दशकात सोसायटीपासून दुरावला.

पश्चिमेकडे याच काळात काय चाललं होतं? 1890 मध्ये इंग्लंडहून आलेल्या तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी म्हाताऱ्या क्राउदरच्या नायजर मिशनची झडती घेतली, त्याच्या आफ्रिकी सहकाऱ्यांना कामावरून काढलं, बिशपला भर बैठकीत अपमानित केलं. 31 डिसेंबर 1891 रोजी तो वारला. त्याच्या जागी गोरा बिशप नेमण्यात आला. हेन्री व्हेन हे सोसायटीचे चिटणीस 1872 पर्यंत सांगत आले होते की स्थानिक चर्चने स्वतःच्या पैशावर, स्वतःच्या कारभारावर, स्वतःच्या बळावर वाढावं. ते तत्त्व त्यांच्या माघारी कागदावर राहिलं.

मराठी वाचकाला इथे आपलेच नारायण वामन टिळक आठवावेत. त्यांचं मिशन वेगळं, अमेरिकन मराठी मिशन. काळही थोडा पुढचा. पण 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा दुखणं हेच होतं: श्रद्धा आमची, भाषा आमची, मग कारभार तुमचा का? क्राउदर, जोन्स आणि टिळक यांची एकमेकांशी गाठ पडली नाही. तिघांचा प्रश्न मात्र एकच होता.

पश्चिम आफ्रिकेत या प्रश्नाचं उत्तर लोकांनी स्वतः शोधलं. लायबेरियाच्या विल्यम वेड हॅरिसने 1913-14 मध्ये पांढरा झगा घालून, हातात क्रूस घेऊन आयव्हरी कोस्टमध्ये अनवाणी फिरून लाखभर लोकांना बाप्तिस्मा दिला. त्यामागे कुठलीच सोसायटी नव्हती. योरुबा मुलखात प्रार्थना आणि रोगमुक्तीवर भर देणारी अलादुरा चर्चं उभी राहिली. नाचणं, ढोल, स्वप्नं, दृष्टान्त, सगळ्यांना तिथे जागा होती. पूर्वेकडे फ्रीअरटाउनच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतून एक पाठशाळा वाढली, 1930 मध्ये ती लिमुरूला गेली. तेच आजचं सेंट पॉल्स विद्यापीठ. आणि 1934 मध्ये फ्रीअरटाउनच्या जेम्स म्बोतेला याने 'उहुरू वा वातुम्वा' हे मुक्त गुलामांचं पुस्तक स्वाहिलीत लिहिलं. त्यात ब्रिटिशांची स्तुती जरा जास्त आहे, अशी टीका पुढच्या पिढीने केली. ती रास्त आहे. पण सुटका झालेल्यांच्या पोटी जन्मलेल्या माणसाने हे सगळं आपल्या भाषेत लिहून ठेवलं, याचं मोल त्याने कमी होत नाही.

हा मजकूर नाशिकपासून दूर, जबलपुरात राहणाऱ्या मराठी वाचकाच्या हाती पडला, तर त्यालाही तो अगदीच परका वाटू नये. याच चर्च मिशनरी सोसायटीने जबलपुरात 1854 मध्ये काम सुरू केलं होतं. त्याही आधी, 1830च्या दशकाच्या अखेरीस, स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या ठगविरोधी मोहिमेतल्या माफीच्या साक्षीदारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी जबलपुरात सरकारी उद्योगशाळा निघाली. तिथे तंबू आणि सतरंज्या विणत. ती सरकारी, शरणपूर मिशनचं. पण हाताला कसब दिलं की माणूस नव्याने घडतो, ही त्या शतकाची श्रद्धा दोन्हीकडे एकच होती. ठगाचा मुलगा असो की गलबतावरून सोडवलेला याओ पोर, त्याला काय व्हायचंय हे मात्र कुठेच कुणी विचारलं नाही.

विचारलं नाही तरी शरणपूरच्या मुलांनी ते करून दाखवलं. वेनराइट फ्रीअरटाउनमध्ये काही काळ शिक्षक होता, तिथे त्याचं पटलं नाही, तो आतल्या मुलखात निघून गेला आणि 1892 मध्ये वारला. शरणपूरचाच मॅथ्यू वेलिंग्टन, लिव्हिंगस्टनचं शव वाहून आणणाऱ्यांपैकी एक, मोंबासात 1935 पर्यंत जिवंत होता.

या विषयाची कागदपत्रं उपलब्ध आहेत. सोसायटीचं दप्तर इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. त्यात नाशिकहून गेलेली पत्रं आणि अहवाल आहेत. वेनराइटची रोजनिशी आज अभ्यासकांना वाचता येते आणि ती मराठीत आणण्याजोगी आहे. 2007 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने 'बाँबे आफ्रिकन्स'वर प्रदर्शन भरवलं. हा इतिहास जितका मोंबासाचा, तितकाच नाशिकचाही आहे. तो लिहायला मराठी जाणणारा, गोदाकाठ माहीत असलेला अभ्यासक लागेल. नाशिक आणि परिसरातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत, चर्चच्या कपाटांत बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदवह्या, गटांचे फोटो, शाळेचे दाखले अजून असू शकतात. ज्यांच्याकडे असं काही असेल, त्यांनी ते रद्दीत जाण्याआधी एखाद्या इतिहासाच्या प्राध्यापकाला किंवा संग्रहालयाला दाखवावं, निदान त्यांची छायाचित्रं काढून ठेवावीत.